हार्डवेअरवाल्यांच्या घरचा कमोड

प्लंबरचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते गच्चीवरच्या टाकीतल्या गाळासारखे आपोआप साठतात. आमच्याकडे तर जरा जास्तच साठले, कारण महाडच्या बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान आणि दुकानापुढं एक लाकडी बाक. एलबो, टी, वॉशर घ्यायला आलेला माणूस सामान घेऊन सरळ घरी गेला, असं कधी झालं नाही. तो आधी बाकावर टेकायचा, कपाळ पुसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, सामान झालं. आता माणूस द्या!"

माणूस काही आमच्याकडे विकायला नसायचा. मग बाकावर बसून तो आपली कर्मकहाणी सांगायचा आणि मी काउंटरमागून ऐकायचे.

आमच्या पेठेतले एक रिटायर्ड गुरुजी. त्यांच्या नव्या भिंतीला ओल आली. कॉन्ट्रॅक्टरला बोलावून दाखवली, तर तो भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "गळती नाही गुरुजी. नवी भिंत आहे, घाम येतोय तिला. सवय झाली की थांबेल!" गुरुजींनी सबंध हयातीत पोरांच्या थापा ऐकल्या होत्या, पण ही थाप त्यांनाही नवी होती.

दासगावचे एक व्यापारी. हौसेनं गीझर बसवून घेतला. पहिल्या दिवशी अंघोळीला बसले तर बादलीत गार पाणी! आणि तिकडं संडासातून त्यांची बायको ओरडतेय, "अहो, इथं वाफा येतायत!" प्लंबरनं गरम पाण्याची लाइन थेट फ्लशच्या टाकीला जोडली होती. त्याला जाब विचारला तर म्हणाला, "शेठ, थंडीच्या दिवसांत बरंच हाय की!"

असले किस्से ऐकून मी पोट धरून हसायचे. हे हसू एक दिवस माझ्याच अंगाशी येणार होतं, याची कल्पना नव्हती.

* * *

मोबाईल अजून महाडात आले नव्हते, तेव्हाची गोष्ट. आमच्या सासूबाई नणंदेकडे कल्याणला बारशाला म्हणून गेल्या आणि तिथं मोरीत घसरून पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. डॉक्टरांनी सांगितलं, "वॉकर घेऊन चालतील. पण उकिडवं बसायचं नाही. यापुढं कधीच नाही."

आमच्या घरात संडास परसदारी, चार पायऱ्या उतरून, तोही उकिडवं बसायचा. म्हणजे सासूबाईंना घरी आणायची सोयच नाही! त्या राहिल्या नणंदेकडे.

दर रविवारी दुकानात फोन यायचा. सासूबाई मूळच्या पोलादपूरकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. "सुमन गो, मला घरी ने. हितं माजा जीव घुसमटतो." मी म्हणायचे, "आई, थोडं थांबा." एका रविवारी त्या फोनवर आल्याच नाहीत. नणंद आली आणि रडायलाच लागली. "वहिनी, आई जेवत नाही गं. पाणीसुद्धा पीत नाही."

"का?"

"इथलाही संडास बसायचाच. अंथरुणात भांडं द्यायला लागतं ना. जावयाच्या घरात हे असलं नको, म्हणते. प्यायलंच नाही तर लागणारच नाही, म्हणते."

मी फोन ठेवला. आमच्या सासूबाईंनी आयुष्यात कुणाकडून पाण्याचा तांब्या हातात घेतला नव्हता, स्वतः उठून घ्यायच्या. त्या बाईवर तहान मारायची वेळ आली होती. डॉक्टर ओरडले होते, असंच चाललं तर किडनीवर जाईल. मी त्याच दिवशी ह्यांना सांगितलं, "घरातल्या मोरीत कमोड बसवायचा. होळी झाली की त्यांना आणायचं."

कमोड होताच! आमच्या शोरूममध्ये, म्हणजे काउंटरच्या डाव्या हाताला दोन हात जागा होती तिथं, एक पांढराशुभ्र कमोड शोभेला मांडलेला होता. तो कुणी विकत घेत नव्हतं. पाचाडच्या एका गृहस्थांनी एकदा चौकशी केली होती, पण त्यांना तो वासराला पाणी पाजायला हवा होता. त्यात आमची मांजर झोपायची. तिला उठवलं.

दुकान आपलं, पाइप आपले, कमोड आपला. जावईबापूंनी शिमग्यानंतरच्या रविवारची जीपसुद्धा ठरवून टाकली. आता फक्त माणूस हवा होता!

* * *

प्लंबर दत्ता हा नाते गावचा. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. आला, मोरी बघितली, पेन्सिलनं भिंतीवर रेघा मारल्या. मग आत येणारी पाण्याची लाइन करवतीनं कापली, हत्यारांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "वैनी, आलोच."

आमच्याकडे एक रीत होती. प्लंबर हत्यारं ठेवून गेला म्हणजे तो परत येणार. हत्यारांशिवाय तो दुसरीकडे काम करणार कसं? त्यामुळं मी निर्धास्त. दुसऱ्या दिवशी दत्ता नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी तरी सगळ्यांना सांगत होते, "जातो कुठं! पिशवी आमच्याकडे आहे."

बाकावर बसलेले गुरुजी चमकले. "कुणाची, दत्ताची पिशवी? ती तर आमच्याकडे आहे!"

तेवढ्यात दासगावचे व्यापारी सामान घ्यायला आले होते, ते हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाले, "अहो, ती आमच्या माडीवर आहे ना!"

मी दुकान ह्यांच्यावर सोडलं, तडक घरी गेले आणि पिशवी उलटी केली. एक मोडका पाना, गंजलेली करवतीची दोन पाती, नारळाची करवंटी आणि वजनाला म्हणून घातलेला अर्ध्या विटेचा तुकडा!

* * *

कापलेली लाइन तशीच. दत्तानं तिच्या तोंडात कोंबलेला बोळा गळायला लागला, तेव्हा ह्यांनी खराट्याच्या दांड्याची खुंटी तासली, तिला चिंधी गुंडाळली आणि पाइपात ठोकली. सकाळी नगरपालिकेचं पाणी सुटलं आणि ती खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटून समोरच्या भिंतीवर आदळली. मोरी, स्वयंपाकघर, पिठाचा डबा, सगळं पाण्यात! ह्यांनी रस्त्यावर जाऊन मेन कॉकच बंद केला. घरात पाणी म्हणून थेंब राहिला नाही.

मग मी कळशी घेऊन शेजारच्या हलीमाखालाच्या दारात गेले.

हे सोपं नव्हतं. हलीमाखाला आणि आमच्या सासूबाई एका वयाच्या. भिंतीला भिंत लागलेली घरं. एके काळी कालवणाची वाटी इकडून तिकडं, तिकडून इकडं जायची. नंतर खालांचा मुलगा दोहाहून सुट्टीवर आला आणि त्यानं घरात कमोड बसवला. आळीतला पहिला कमोड! तो नेमका आमच्या देवघराच्या भिंतीला लागून आला. कॉन्ट्रॅक्टरला जागा सोयीची पडली म्हणून त्यानं तिथं बसवला, तोवर खालांनाही पत्ता नव्हता. पण सासूबाई भर आळीत बोलल्या, "घरात संडास! तोही माज्या देवामागं! ही काय मानसाची रीत हाय?" देव्हारा दुसऱ्या भिंतीला नेला आणि हलीमाखालाशी बोलणं टाकलं. वाटी बंद झाली ती झालीच. समोरासमोर आल्या तरी एक इकडं बघायची, दुसरी तिकडं.

मी दारात उभी राहिले तर खाला म्हणाल्या, "कळशी काय दाखवतेस? आत ये. पानी हाय ते तुजंच हाय." मग हळूच विचारलं, "बाय कशी हाय तुजी सासू?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. पाणी भरून झालं तरी त्यांनी नळ बंद केला नव्हता.

* * *

होळी झाली. आता आपल्याकडे शिमगा म्हणजे काय ते सांगायला नको. गावोगाव देवाची पालखी निघते आणि मुंबईचा साहेब असो की महाडचा प्लंबर, जो तो आपल्या गावात पालखीला खांदा द्यायला जातो. सबंध तालुक्यात पाना धरायला एक हात शिल्लक राहत नाही. आणि पुढच्या रविवारी जीप!

माझं डोकं फिरलं. नारळ घेतला, एस.टी. पकडली आणि थेट नाते गाठलं.

ढोल-सनईचा खालूबाजा जोरात चालला होता. पालखी नाचत होती आणि पुढच्या दांड्याला कोण? आमचा दत्ता! गुलालानं लाल, डोळे मिटलेले. त्याला हाक मारायची सोय नाही. पालखी खांद्यावर असलेल्या माणसाला कोण काय बोलणार? त्यानं एकदा डोळे उघडले, मला बघितलं आणि पुन्हा घट्ट मिटून घेतले.

मी म्हटलं, थांब! पालखी एका अंगणात टेकली. गावचे म्हातारे मानकरी नारळ घेऊन एकेकाचं गाऱ्हाणं देवाला घालत होते. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला.

"काय मागनं हाय, बाय?"

मी सांगितलं. आवाज दाबायचा प्रयत्न केला, पण सासूबाई पाणी पीत नाहीत हे सांगताना तो फुटलाच. मानकऱ्यांनी दत्ताकडे एक नजर टाकली, नारळ वर धरला आणि खणखणीत आवाज लावला.

"हे देवा म्हाराजा! ही लेक महाडाहून तुज्या पायाशी आली हाय!"

सगळा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!"

"तिची सासू मुंबैकडं अडाकली हाय, तिला सुखरूप घरी आन!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि आपल्या गावचा दत्ता सोमवारी सकाळी हिच्या दारात जाऊन उभा ऱ्हाईल!"

"व्हय म्हाराजा!"

दत्ताचाही आवाज त्यात होता. मी कान देऊन ऐकला!

* * *

सोमवारी सकाळी दत्ता खरोखर दारात उभा! मी चहा टाकायला वळणार, तेवढ्यात तो म्हणाला, "वैनी, उभा ऱ्हायलो. चलतो."

"चलतो म्हणजे?"

"देवाला सांगितल्यालं ना, दारात उभा ऱ्हाईन. ऱ्हायलो. कामाचं गाऱ्हानं कुटं व्हतं? पोलादपुरात एक लाइन अर्धी टाकून आलोय."

त्या क्षणी माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. म्हटलं, "बरं, जाता जाता ती कापलेली लाइन तेवढी बघून सांग, किती इंची सॉकेट लागेल." तो मोरीत वाकला. मी बाहेरून कडी घातली!

"वैनी!"

"नळाला पाणी आलं की कडी उघडेल."

"वैनी, मस्करी नको!"

"माझी सासू तिकडं घोटभर पाण्याला घाबरते, दत्ता. मी मस्करी करतेय असं वाटतं तुला?"

मी दाराला पाठ लावून उभी. परपुरुषाला मोरीत कोंडलंय, आळीत कळलं तर काय? अखेर आतून पडेल आवाज आला, "वैनी... पाना बाहेर ऱ्हायलाय."

दुपारी नळाला पाणी आलं. दत्ता बाहेर आला आणि सरळ जेवायला बसला. जेवून झाल्यावर म्हणाला, "लाइनचं समदं मी बघतो. पन भांडं बसवायला गवंडी लागल. बबनमिस्त्रीला आनतो." आणि आणला! त्या मोरीनं काय जादू केली देव जाणे.

* * *

बबनमिस्त्री पोलादपूरचे. डोक्यावर टोपी, तोंडात तंबाखू, प्लॅस्टर असं की हात फिरवत बसावं. त्यांनी आयुष्यात कितीतरी संडास बांधले होते. फक्त कमोड बसवला नव्हता, आणि हे त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शनिवारी संध्याकाळी ते दुकानात आले. "वैनी, काम झालं. बगून घ्या. म्हातारीसाठी जरा येगळी सोय केल्या."

मी धावत घरी गेले. मोरीचं दार उघडलं. मधोमध आमचा पांढराशुभ्र कमोड. आणि त्याच्या दोन बाजूंना, कमोडाच्या उंचीचे, पाय ठेवून उकिडवं बसायला सिमेंटचे दोन भक्कम पायटे! वर चढायला पायरीसुद्धा. वरून लाल ऑक्साइडचं पॉलिश, आरशासारखं.

मी एका पायट्यावर हात ठेवून बघितला.

"म्हाताऱ्या मानसाला वर चढून बसाया बरं पडल," मिस्त्री म्हणाले. "भांडं लईच उंच दिलंय कंपनीनं."

"अहो मिस्त्री, यावर चढायचं नसतं! खुर्चीवर बसतो तसं बसायचं!"

"खुर्चीवर?" त्यांनी कमोडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग व्हनार कसं?"

शेवटी आमचे हे कमोडावर पँटसकट बसून दाखवायला गेले. पायट्यांमुळं गुडघे आत मावेनात. मिस्त्री मान हलवत म्हणाले, "आपल्याला नाय जमायचं बुवा." मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. रात्र सरली की जीप निघणार होती!

रविवारी उजाडताच पायटे फोडायला घेतले. मिस्त्रींचं काम कच्चं असतं तर बरं झालं असतं! घणाशिवाय फुटेनात. घण घातले आणि कमोड बुडातून हलला, जोड सुटला. सगळं उचलून नव्यानं बसवायची पाळी. कल्याणला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. निघाले होते.

दत्ता आणि मिस्त्री घामाघूम होऊन कामाला लागले. दुपार उलटता उलटता दत्तानं शेवटची थापी मारली आणि उठला. "झालं. पन उद्यापर्यंत कुनी बसायचं नाय. सिमेंट ओलं हाय. बसली तर म्हातारी आनि भांडं दोन्ही आडवी!"

मला त्या खुब्यातला रॉडच डोळ्यांपुढं दिसला. आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

* * *

सासूबाई उतरल्या. निम्म्या झाल्या होत्या. तोंड कोरडं, चेहरा पांढरा. मी पाया पडायला वाकले तर दंड धरून कानात म्हणाल्या, "सुमन, आधी जायला हवं गो. लवकर."

नणंद मागून म्हणाली, "वहिनी, पेणला थांबलो, माणगावला थांबलो. सगळीकडे बसायचंच. सकाळपासून तशीच आहे ती."

मी दत्ताकडं बघितलं. दत्तानं मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्रींनी टोपी काढली.

"आई," मी म्हटलं, "ते... सिमेंट ओलं आहे हो अजून."

त्यांनी वॉकरची दांडी घट्ट धरली. खाली बघत राहिल्या. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. दुकानातला माल विकत घेणारी सगळी माणसं मला हसत असतील असं वाटलं.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. हलीमाखाला उंबऱ्यात. त्यांनी जीप बघितली, वॉकर बघितला, सासूबाईंचा चेहरा बघितला. कुणाला काही विचारलं नाही.

"सुमन, आन तिला आत. बगत काय ऱ्हायलीस?"

सासूबाई हलल्या नाहीत. मी त्यांच्या पाठीला हात लावला. मग वॉकर उचलला गेला, एक पाऊल पुढं टेकला. पुन्हा उचलला गेला. उंबऱ्यापाशी हलीमाखालानं दुसरा दंड धरला. सासूबाईंनी तो सोडवून घेतला नाही.

आत संडासाचं दार लागलं. आम्ही सगळे बाहेर उभे. मी, नणंद, खाला, मागं दत्ता आणि मिस्त्री. संडासाच्या पलीकडं भिंत, आणि भिंतीच्या पलीकडं आमच्या देव्हाऱ्याची जुनी, रिकामी जागा. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

मग फ्लशचा आवाज आला. खळखळून!

दार उघडलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. त्यांनी पदर सारखा केला, हलीमाखालाकडं सरळ बघितलं आणि इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य बोलल्या, "हलीमा, पानी काय जोरात येतं गो तुज्याकडं! पलंबर कोन तुजा?"

खाला म्हणाल्या, "बस आधी. चा टाकते."

सासूबाई बसल्या. चहा प्यायल्या. वर तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि गटागटा प्यायल्या. नणंद तोंड फिरवून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी आमचा कमोड वाळला. दत्तानं स्वतः त्यावर बसून, हिसके देऊन बघितलं, दगडासारखा पक्का. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, चला. आपलं झालं तयार."

त्या मोरीपर्यंत आल्या. वॉकरचा पाय कमोडाच्या बुडाशी टेकवला, जरा दाबून बघितला आणि मान हलवली.

"नाय गो. ओलं हाय अजून."

आणि वॉकर टेकत टेकत हलीमाखालाकडं निघाल्या.

चैत्र गेला, वैशाख गेला, उन्हानं आळीतल्या भिंती तडकल्या. मी रोज विचारायचे. त्या रोज वॉकर टेकवून बघायच्या.

"ओलं हाय!"